रिकाम्या गावातला रेडिओ

आचरा,
२४ डिसेंबर १९६४

तीर्थस्वरूप दाजींना गुरुदासाचा वाकून नमस्कार.

घरात रेडिओ आणून घरच्या माणसांना मुकलेल्या माझ्या बंधूंनो! (हे सवयीने लिहून गेलो. वाचनालयाच्या ओट्यासमोर शंभर माणसं असोत की पत्राला तुम्ही एकटे, सुरुवात मला अशीच सुचते. खोडत नाही, कारण त्या बंधूंत तुम्हीही येता.) दिवाळीच्या पत्रात तुम्हीच लिहिलं होतं की सिलोन चालू असताना अक्काकडे चहा मागितला तर ती हाताने ‘थांबा’ अशी खूण करते, आणि तो हात गाणं संपेपर्यंत खाली येत नाही. वाचून मला फार बरं वाटलं. तुमच्या हालांमुळे नव्हे. परळला आणि आचऱ्याला एकाच शत्रूने एकाच रीतीने कर्त्या पुरुषाला गप्प केलं आहे, हे सिद्ध झालं म्हणून. फरक इतकाच, की तुमचा शत्रू तुम्ही दुकानातून विकत आणलात आणि माझा मला तुम्ही गेल्या चतुर्थीला बोटीने पाठवलात.

तुमचं पोट कसं आहे? अक्काचे गुडघे? इकडे बाबांचा खोकला उतरला, भात घरात आलं, सुपारी बरी आहे. सुभद्रा ठीक आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे. मी स्वतः ठणठणीत आहे, पण गेल्या आठवड्यात या गावात माझं जे झालं ते शत्रूचंही होऊ नये, आणि इथे शत्रू म्हणजे मी नेहमी म्हणतो तो नव्हे.

आधी दुःख सांगतो. दुर्गेचं लग्न तुमच्या मुंबईतल्या पुतण्याशी, चि. सत्यवानाशी, तुम्हीच जमवलंत. वैशाखाचा शब्द मी तुम्हाला दिला. म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीच्या या घरातल्या थोड्याच संध्याकाळी उरल्या. त्या मला हव्या होत्या, दाजी. दिवा लागल्यावर बाबा, सुभद्रा, दुर्गा आणि मी अशा चौघांनी ओटीवर बसावं, मुलीने काही विचारावं, आपण काही सांगावं, यापलीकडे माझी मागणी नव्हती. प्रत्यक्षात काय? दिवेलागणी झाली की बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बातम्यांपुढे, मायलेकी स्वयंपाकघराच्या दारात रेडिओच्या अंगाशी, आणि मी ओटीच्या खांबाजवळ. मी बोलायला तोंड उघडलं की दुर्गेचा हात रेडिओच्या बटणाकडे जाई, आणि आवाज कमी होण्याऐवजी वाढे!

मी स्वस्थ बसणाऱ्यांतला नाही. वाचनालयाचा चिटणीस या नात्याने मी ‘संध्याकाळ घरच्यांची’ या विषयावर जाहीर भाषण केलं. ग्रीक नगरराज्यांपासून सुरुवात केली. बोलता बोलता टेबलावर मूठ आपटली तेव्हा कंदील विझला, तरी मी थांबलो नाही. टाळ्या पडल्या. सभा संपली आणि निम्मे श्रोते माझ्या मागोमाग माझ्याच घरी आले, कारण बातम्यांची वेळ झाली होती. मग मी घरात नियम केला: दिवेलागणीपासून जेवणापर्यंत रेडिओ बंद. त्याची कारणं समजावून सांगायला उभा राहिलो. सुभद्राने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “तुमचा झाला काय सांगा, मगे लावतो.” तिथे तो नियम संपला.

अशा वेळी गावपळण आली. तुम्ही सावंतवाडीकडचे, तुम्ही ती कानांनीच ऐकली असेल, अक्काला विचारा. आमच्या रामेश्वराने कौल दिला की सगळा गाव तीन दिवस घरं सोडून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळं. पलीकडे माळावर झावळ्यांच्या खोपी घालायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच भजन-फुगड्या. गावात त्या काळात माणसाचा वावर नको आणि माणसाचा शब्दही नको. पुन्हा कौल मिळाला की परत. (या प्रथेच्या उगमाविषयी माझं स्वतंत्र मत आहे, पण ते दहा पानांचं असल्यामुळे इथे देत नाही.) मला एवढंच दिसलं: तीन दिवस, एक खोप, चार माणसं, आणि रेडिओ मागे! मी घरात जाहीर केलं की रेडिओ बरोबर येणार नाही. तीन दिवस आपण एकमेकांशी बोलून बघू. नाही जमलं, तर रेडिओविरुद्ध मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. दुर्गा म्हणाली, “चकार शबूद? लिवन देतास?” तिच्या डोळ्यांत हसू होतं की दुसरं काही, ते मला तेव्हा कळलं नाही.

निघायच्या सकाळी एकच धांदल. सुभद्रा कोंबड्या टोपलीखाली घालत होती, दुर्गा गाईमागे धावत होती. ओटीवरच्या खोलीत बाबा सकाळच्या बातम्या ऐकून खुर्चीतच राहिले होते. केंद्राची सकाळची वेळ संपली होती, त्यामुळे रेडिओ गप्प होता. मी बाबांना उठवलं आणि तो बंद करायला गेलो. आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, कारण घरात ती आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. चतुर्थीपासून मी त्या यंत्राला तत्त्व म्हणून हात लावलेला नव्हता. ते कसं बंद करतात, हे मला माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला? तीन महिने ज्याच्याविरुद्ध बोललो, त्याचं बटण मुलीला विचारू? कुलूप उजवीकडे फिरवलं की लागतं, नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो. मी बटण उजवीकडे फिरवलं, थेट शेवटपर्यंत, आणि वर थोडा जोर दिला. काही बारीक खरखर झाली असेल तर ती कोंबड्यांनी ऐकू दिली नाही. खोलीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. एरियलची तार नारळावरून खोलीत आली होती ती तशीच राहिली, आणि गजांची खिडकी आम्ही कधी लावतच नाही.

आमचं घर शिवेवरचं शेवटचं. मध्ये वहाळाचं पाणी, आणि वहाळापलीकडे आमची खोप. म्हणजे खोपीच्या दारात बसलं की आपलं घर समोर दिसतं, पण त्यात जायचं नाही, अशी गंमत.

पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांना खोपीपुढे गोलात बसवलं. “आता बोला,” म्हणालो. कुणी बोलेना. बाबांनी डोळे मिटले. दुर्गा तांदळातले खडे निवडत होती, ती जास्तच मन लावून निवडू लागली. लोकांना आरंभ सुचत नसतो, हे मला सभांच्या अनुभवाने माहीत आहे; म्हणून मी विषय दिला, कुटुंबसंस्था आणि यंत्रयुग. सुभद्रा चुलीतला धूर बघायला उठली. मी प्रास्ताविक सुरू करणार, तोच वहाळापलीकडून, रिकाम्या गावातून, एका बाईचा गाण्याचा आवाज आला.

दाजी, तुम्ही तिथे असायला हवे होतात. माळावर शे-दीडशे चुली पेटलेल्या. एका क्षणात सगळीकडचं बोलणं थांबलं. शेजारच्या खोपीतली काशीबाई पळी हातात घेऊन उभी राहिली.

“बाय माझे! गावात कोणतरी रडता!”

“रडत नाय, गाता,” तिचा दीर बाबली म्हणाला.

पोरं आयांच्या कमरेला बिलगली. ज्या गावात तीन दिवस चिटपाखरू नसतं म्हणतात, तिथे ही बाई साजासह गात होती. गाणं संपलं. मग एक भारदस्त पुरुष हिंदीत काही सांगू लागला, आणि ती भीती अधिकच वाढली. मागून कुणीतरी विचारलंच, “आपल्याकडची भुतां हिंदी खंयसून शिकली?” कुणी हसलं नाही. किल्ली कमरेला टोचत होती. सुभद्रा माझ्याकडे बघत होती, माझ्याकडेच, गावाकडे नव्हे. आणि तेवढ्यात बाबा डोळे न उघडता, अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ह्यो तर आमचो बातम्येवालो!”

सगळी माणसं आमच्या खोपीपुढे जमली. मानकरी भिकाजी सर्वांत पुढे. म्हातारा माणूस, पण तो उभा राहिला की गावात दुसरा कुणी उभा आहे असं वाटत नाही. काय घडलंय हे आता सगळ्यांना कळलं होतं. कुणी केलं, एवढंच उरलं होतं. काशीबाईने तेही सांगून टाकलं. “दुर्गाचो रेडिओ तो. दिसभर कानाक लावन बसता. तिनाच चालू ठेवल्यान असतलो. लगीन ठरलेल्या चेडवाक इतकी शुद्ध नाय! सासरच्यांका कळला तर?”

दुर्गा पांढरी पडली. बंद कुणी केला हे तिला ठाऊक होतं, किल्ली कुणाच्या कमरेला आहे हेही, आणि तरी ती गप्प राहिली. मी तिच्यापुढे येऊन उभा राहिलो.

“बंधूंनो,” मी म्हणालो, “मानवाचा यंत्राशी संबंध जोडला गेला तेव्हापासून...”

“गुरुदासा,” भिकाजी म्हणाले, “रेडिओ कोणी बंद केल्लो?”

“मी.” (माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण.)

“मगे वाजता कसो?”

मी उजवीकडे फिरवल्याचं सांगितलं. मागे पोरांत कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प बसवलं गेलं. मी म्हणालो, मला जाऊ द्या, बंद करून येतो, पाप लागलं तर मला लागू दे. भिकाजींनी मान हलवली. शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही, कुणीही नाही. देवाच्या कौलावर गाव बाहेर आला, कौलावरच आत जाईल. चार मानकरी बाजूला जाऊन कुजबुजले. परत आले तेव्हा माझ्या कपाळावर घाम होता, कारण गावपळण मोडली असा निकाल झाला असता तर अख्खा गाव आमच्या घराकडे बोट दाखवत राहिला असता, आणि लग्नाच्या मुलीला ते बोट फार लागतं.

“गुरुदासा,” भिकाजी म्हणाले, “तुझ्या घरातसून गावात आवाज गेलो. तो आवाज आमका बंद करूक येणा नाय. तेवा दुसरो बंद. कौल मेळापर्यंत तुझ्या तोंडातसून एक शबूद काढूचो नाय.”

गर्दीतून बाबलीचा आवाज आला, “देव पावलो रे!” आणि इतका वेळ थरथरणारा गाव जो हसला, तो मला अजून ऐकू येतो. मग भिकाजींनी गावाकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, पोरांची चूक नाय, घरधन्याक कळाक नाय, पदरात घे. सगळ्या माळाने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मीही म्हणणार होतो. सुभद्राने हात दाबला.

दुसऱ्या दिवसाचं काय सांगू? संध्याकाळी रेडिओ सुरू झाला तेव्हा भीती गेलेली होती. काशीबाई चटई घेऊन वहाळाच्या काठावर येऊन बसली, तिच्यामागे इतर बायका, मग पुरुष. ज्या गावात रेडिओ तीन घरांत, त्या गावाने तो एकत्र बसून ऐकला. एका घरातला रेडिओ कमी करायला निघालेल्या माणसाने तो गावजेवणासारखा वाढला! बाबली जवळ येऊन म्हणाला, “चिटणीस, ते दिल्लीत काय चल्लाहा ता जरा समजावन सांगा.” वीस वर्षं मी या गावाला न विचारता समजावून सांगत आलो. पहिल्यांदा गावाने आपण होऊन विचारलं, आणि मला बोलायला बंदी. मी हातांनी काही सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “काय कळना नाय, पण आज बरा वाटता.”

मी उठून खोपीकडे आलो. चुलीशी मायलेकी होत्या. दुर्गा बांगडे साफ करत होती. पलीकडे रेडिओ दणदणत होता आणि त्या दोघी हलक्या आवाजात बोलत होत्या, अगदी घरच्यासारख्या, न थांबता. मी दिसलो तशा थांबल्या. मग माझी मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “अप्पा, तुमी म्हणतास आमी घरात बोलणव नाय. आमी रोज बोलतो. रेडिओ मोठ्यान लावतो तो आमचा बोलणा तुमका आयकाक येव नये म्हणान.”

मी दोन्ही हात उचलून का, असं विचारलं.

“कित्याक काय? एक वाक्य तुमच्या कानार पडला की तुमी उभे ऱ्हवतास. आयेन सांगल्यान चमकी मोडली, तर तुमी सोन्याच्या कायद्यार बोललात भात करपापर्यंत. चमकी अजून मोडलेलीच आसा.”

सुभद्राने चुलीत फुंकर घातली. तिने नाकाला हात लावला नाही, पण मी बघितलं. नाक मोकळं होतं. कधीपासून, कोण जाणे.

“आता तुमका बोलाक येणा नाय तोवर आयका,” दुर्गा म्हणाली, आणि बांगड्यावरची नजर न उचलता तिने सांगितलं. तिला मास्तरीण व्हायचं आहे. सावंतवाडीला जूनपासून ट्रेनिंग आहे, वर्षभराचं. शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलंय की तिच्या मार्कांवर जागा मिळेल. हे ती दोन महिने आईशी बोलते आहे. मला सांगायची हिंमत नव्हती, कारण मी वैशाखाचा शब्द दिला आहे आणि माझ्या शब्दांवर मी किती बोलतो हे तिला माहीत आहे. “सत्यवान बरो आसा,” ती म्हणाली. “तो माका नको असा नाय. माका एक वरीस होया.”

माझ्या डोक्यात उत्तर तयार झालं. शब्दाची किंमत, दिलेल्या वचनाचा इतिहास, मुलीच्या शिक्षणाला मी स्वतः भाषणांतून दिलेला पाठिंबा, आणि तरीही या वेळेपुरती अडचण, असे मुद्दे. दाजी, तीन वेळा माझं तोंड उघडलं. तीन वेळा माळाच्या दुसऱ्या टोकाला अंधारात बसलेले भिकाजी आठवले आणि मिटलं. उत्तर तसंच पोटात राहिलं. रात्रीपर्यंत ते शिळं झालं, आणि सकाळी आठवून बघितलं तर त्यात माझ्या मुलीविषयी एकही वाक्य नव्हतं. मी बाबांकडे बघितलं, यांना तरी हे ठाऊक होतं का, अशा अर्थाने. ते डोळे मिटून होते. “माका काय बघतस? माका सगळा आयकाक येता. खुर्चेत मी निजलेलो नसतंय.”

तिसरा दिवस मी ऐकण्यात काढला. दुर्गा किती बोलते! तिला लहान मुलांना शिकवायचं आहे. काशीबाईच्या नातवाला तिने जोडाक्षरं शिकवली आहेत. तिला मुंबईची भीती वाटते, चाळीत समुद्राचा आवाज येत नसेल याची. तिची आई तिच्याहून जास्त बोलते. बाबा दोघींच्या मधे मधे असं काही बोलतात की पोट धरून हसावं, आणि मला आवाज न करता हसावं लागलं, ते फार अवघड असतं.

चौथ्या सकाळी कौल मिळाला. भिकाजी स्वतः आले आणि म्हणाले, “बोल आता.” आजूबाजूला माणसं गोळा झाली होती, काय ऐकायला लागणार, अशा चेहऱ्यांनी. मी दुर्गेला म्हटलं, “गो, तो खंयच्या बाजून फिरवतत, ता माका दाखय.”

आता हे पत्र पुरे करतो. बाबांचा आशीर्वाद. अक्काने हात खाली घेतला असेल तर तिला नमस्कार.

तुमचा,
गुरुदास

ता. क. आमच्या वाचनालयातलं कुणी मुंबईला आलं तर त्याला हे पत्र दाखवू नका. पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण घरचं दुखणं घरातच सांगायचं. त्या तीन दिवसांत रेडिओची बॅटरी पार संपली. काल संध्याकाळी घरात अक्षरशः टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. मला हवी होती ती हीच. दिवा लागला, आम्ही चौघे ओटीवर बसलो, आणि कुणी बोलेना. मी तर शिस्तीने गप्प होतो. अखेर सुभद्रा म्हणाली, रेडिओ नाही तर बोलायचं कसं, सवय गेली. तरी नवी बॅटरी बोटीने लवकर धाडा. मोठी, जास्त दिवस चालणारी. आमच्या घरात रेडिओच्या जोडीला आता एक नियम आहे, दिवेलागणीपासून जेवणापर्यंत गुरुदास बंद, आणि तो मी मोडलेला नाही. (आज सकाळी मोडला, पण सकाळ त्यात येत नाही.)

ता. क. दुसरा. बॅटरीसाठी इतकं लांब पत्र कुणी लिहीत नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. वैशाखाचा शब्द मी दिला होता, तो मी मागे घेतो. दुर्गा जूनमध्ये सावंतवाडीला जाईल. म्हणजे लग्न वर्षभर लांबलं तरी ज्या संध्याकाळींसाठी मी हे सगळं आरंभलं, त्या वाढणार नाहीत, वैशाखाऐवजी ज्येष्ठात घर रिकामं होईलच, आणि ते मी माझ्या हाताने करतो आहे. माझ्या मनाचं मी बघून घेईन. तुमचं काम वेगळं. सत्यवानाच्या आईला हे मी पत्राने कळवलं तर पत्र लांबेल आणि लग्न मोडेल. तिथे माणूसच जायला हवा, आणि तो कमी बोलणारा हवा. दाजी, येत्या रविवारी त्यांच्या घरी जा. माझे मुद्दे नेऊ नका. चहा घ्या आणि एवढंच सांगा, की मुलगी तुमचीच आहे, तिला एक वर्ष हवं आहे. मग त्या काय म्हणतात ते ऐका, आणि लग्न त्यापुढच्या वैशाखावर टाकून या.